पावशेर आत्या

आत्या दिसायच्या आधी आत्याचा आवाज यायचा. तो ऐकून नवखा माणूस मान वर करायचा, कारण एवढा खणखणीत आवाज एखाद्या धिप्पाड बाईचाच असणार असं त्याला वाटायचं. वर कुणी नसायचं. मग तो इकडंतिकडं बघायचा, आणि शेवटी त्याच्या कमरेजवळून दुसऱ्यांदा आवाज यायचा, "ओ, खाली बघा की! माणूस हाय हितं."

ती माझ्या सासऱ्यांची बहीण. खरं नाव गयाबाई, पण त्या नावानं तिला कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. सगळं पिंगळी गाव तिला पावशेर म्हणायचं आणि आम्ही घरातले पावशेर आत्या. माझे यजमान रेल्वेत पॉइंट्समन. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला होते. स्टेशनाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं, सासूबाई आणि आत्या असे राहायचो. मी माहेरी सगळ्यात उंच. लग्नात आत्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि भाच्याला म्हणाली, "अरे, ही बायको आणलीस का सिग्नलचा खांब?" त्यानंतर माझ्याशी बोलायचं असलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आधी खाली बस. मान दुखायलीय माझी."

आत्या सातव्या महिन्यात जन्मली होती. ते दिवस निजामाचे. तिची आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होती आणि तिथंच तिला कळा आल्या. पोर एवढंसं, की कुणी हातात घ्यायला धजेना. आईनं ते वेचलेल्या कापसात गुंडाळून ठेवलं. इथपर्यंतची हकीकत खरी असावी. पुढची आत्याची स्वतःची होती. तो कापूस म्हणे तसाच व्यापाऱ्याकडं गेला, त्यानं काट्यावर चढवला आणि गाठोड्यातून चूं असा आवाज आला. "व्यापारी बेरकी. म्हणला, मालात ओल हाय, पावशेर कापतो. त्यानं कापलेला पावशेर म्हणजे मी!" कधी या गोष्टीतला व्यापारी बेशुद्ध पडायचा, तर कधी थेट निजामाचा अंमलदार घोड्यावरून धावत यायचा. मी एकदा तिला विचारलं, "आत्या, यातलं खरं कुठलं?" ती म्हणाली, "मी दिसायलेय न्हवं तुला? मग, एवढं तरी खरं."

तिच्या नवऱ्याला मी पाहिलं नाही. तो येलदरी धरणाच्या कामावर होता आणि चांगला ताडमाड होता म्हणे. जोडीनं निघाले की पोरं मागून चालायची. "लोक म्हनायचे, पावशेरला नवऱ्याचं तोंड तरी दिसतं का? आरं, मी कशाला मान वर करू? त्यालाच वाकायला लावलं जन्मभर." तो तापानं गेला, धरण पुरं व्हायच्या आधीच. मग भावानं तिला परत आणलं. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ती बोलायची नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

माझी सुजाता आठवा लागता लागताच जन्मली. परभणीच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत बल्बच्या उबेला ठेवलं होतं. नाकातून नळी, अंगावर म्हाताऱ्या माणसासारख्या सुरकुत्या, कान कागदासारखे पातळ. मला बघवेना. सासूबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळल्या. आत्याला काचेतून दिसावं म्हणून यजमानांनी उचलून धरलं. तिनं बराच वेळ निरखून पाहिलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "आगं बाई, मी पावशेर, तर ही छटाक!" रडत असलेली मी हसले. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच हसले. नर्स ओरडली, "आजी, इथं आवाज करायचा नाही." आत्या म्हणाली, "पेटीतलीला ऐकू गेलं पाहिजे. घरात कोण कोण हाय, ते कळू द्या तिला."

डॉक्टर नवे होते, तरुण होते. घरी सोडताना त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "बाळाला छातीशी धरून ठेवा, ऊब लागू द्या. आईचंच दूध, वाटी-चमच्यानं, थोडं थोडं. बाटली नको, गुटी नको. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात द्यायचं नाही." हे सगळं जमण्यासारखं होतं, शेवटचं सोडून. आमच्या गावात बाळ बघायला येऊ नका असं म्हणणं म्हणजे सोयरीक तोडणं. मी ते डॉक्टरांना सांगणारच होते, तेवढ्यात आत्या बोलली, "ते माझ्याकडं लागलं."

तिनं काय केलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. शेजारच्या चौघी-पाचजणी आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थबकल्या. लांबूनच माना उंचावून बघायला लागल्या. आत येईना कुणी. आत्यानं पाणवठ्यावर सांगून ठेवलं होतं, की या लेकराला जो जवळून बघेल, त्याची उंची कमी होते. "मी बी आधी तुमच्याएवढीच होते," ती त्यांना म्हणाली होती, "माझ्या चुलत बहिणीचं असलंच लेकरू जवळून बघितलं, आन् हे बघा काय झालं." कुणी विश्वास ठेवला असेल असं मला वाटत नाही. पण पुरावाच समोर उभा म्हटल्यावर कुणी धोकाही पत्करला नाही. माझ्या थोरल्या नणंदेची मुलगी लग्नाची होती, आधीच जरा ठेंगणी. नणंदबाई तिला घेऊन रस्त्यावरूनच परत गेल्या.

मला राग आला. म्हटलं, "आत्या, मी शाळेत मुलांना अंधश्रद्धा सोडा म्हणून शिकवते आणि तुम्ही माझ्याच घरात नव्या काढताय."

"मग जा, शिकव त्यांना जंतू," ती म्हणाली. "शिकवून हुईस्तोवर मी हितं दारात बसते."

घरातली लढाई मात्र वेगळी होती. सुजाताचं वजन वाढेना. दूध चमच्याभरानं पोटात जायचं आणि त्यातलंही अर्धं बाहेर यायचं. पोट फुगायचं. रडायचीही अशी, की मांजराचं पिल्लू वाटावं. सासूबाईंचा धीर सुटला आणि त्यांनी बिब्ब्यानं डागणारी एक म्हातारी बोलावली. मी सुजाताला छातीशी धरून कोपऱ्यात बसले होते. मी नको म्हणत होते, सासूबाई रडत होत्या, यजमान ड्यूटीवर. म्हातारी शांतपणे बिब्बा तापवत होती.

आत्या बाहेरून आली. तिनं एकदा सगळ्यांकडं बघितलं आणि त्या म्हातारीसमोर जाऊन लुगडं पोटावरून बाजूला केलं. तिच्या पोटावर जुने, गोल, चकचकीत डाग होते. बेंबीभोवती रांगोळीच्या ठिपक्यांसारखे.

"बघ. मोज," आत्या म्हणाली. "मला एवढं डागलं लहानपणी. किती वाढले सांग बरं?"

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. तिच्या डोक्यापासून पायापर्यंत बघायला वेळ तरी कितीसा लागणार.

"डागून उंची वाढत असती," आत्या म्हणाली, "तर मी आज येलदरीच्या धरणाएवढी असते."

बिब्बा विझला. म्हातारी चहा घेऊन गेली. सासूबाई मात्र चुलीपुढं हुंदके देत बसल्या होत्या. आत्या त्यांच्याजवळ जाऊन टेकली. "तुजी बी चूक न्हाई, वैनी," ती म्हणाली. "भ्या वाटलं की माणूस कायबी तापवाया बसतं." त्या दिवसापासून त्या नणंद-भावजया पाळीपाळीनं सुजाताला उघड्या छातीशी धरून बसायला लागल्या. मला झोप मिळू लागली, आणि त्यानं मला दूधही जास्त येऊ लागलं.

ते नामांतराचं वर्ष होतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या वस्तीतली माणसं दारं लावून घेऊ लागली. आत्याला त्या भीतीतही बोलल्यावाचून राहवायचं नाही. "इद्यापीठाचं नाव बदलायलेत तर माझं बी बदला की. पावशेरचं निदान आदशेर तरी करा!" पुरुष माणसं चिंतेत बसलेली असायची, तीही हसायची आणि मग पुन्हा गप्प व्हायची.

अशाच एका बंदच्या दिवशी सकाळी सुजातानं दूध तोंडात घेणं सोडलं. हातपाय गार पडले. चिमटा काढला तरी रडेना. एसटी बंद, गाडी येईल की नाही याचा भरवसा नाही. यजमान स्टेशनावर ड्यूटीत अडकलेले. शेजारच्या मळ्यातले किसनराव न बोलवता आले. पोक्त मराठा शेतकरी, कमी बोलणारे. त्यांनी बैलगाडी जुंपली आणि म्हणाले, "बसा, मास्तरीणबाई." सुजाता माझ्या पदरात, छातीला बांधलेली. सोबत आत्या.

परभणी जवळ आल्यावर रस्त्यात दगड टाकून वाट अडवलेली होती. पंधरा-वीस पोरं काठ्या घेऊन उभी. त्यांनी बैलांच्या वेसणी धरल्या. पुढचा एकजण माझ्याकडं बघून म्हणाला, "कुठले? कुणाचे तुमी?"

त्या दिवसांत या प्रश्नाला एकच अर्थ होता. किसनरावांचा हात कासऱ्यावर थिजला. मी सुजातावर वाकले. मला तिचा श्वास लागत नव्हता, आणि तो लागत नाही की माझंच काळीज धडधडतंय म्हणून कळत नाही, हेही समजत नव्हतं.

आणि गाडीतून तो आवाज आला, "आमी सातमाशे!"

पोरानं आधी वर बघितलं. मग गाडीच्या साट्यात बघितलं. "म्हातारे, उभी राहून बोल," तो म्हणाला.

"उभीच हाय की रे भाड्या!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. पुढच्याला ते आवडलं नाही. "सातमाशे म्हंजी? ही कुठली जात?"

"लय वाईट जात," आत्या म्हणाली. "कुटल्याबी घरात जन्मती. इचारत न्हाई, सांगत न्हाई, वेळेच्या आधीच येती. तुज्या घरात बी एकांदं असंल. जा, आईला इचारून ये. तवर आमी थांबतो. पण हे लेकरू थांबतंय का, ते मला ठावं न्हाई."

तिनं माझा पदर जरासा बाजूला केला. ऊन सुजाताच्या तोंडावर पडलं. निळसर ओठ, मिटलेले डोळे, माझ्या मुठीएवढं डोकं. मागचा एक पोरगा पुढं येऊन वाकून बघायला लागला. "आमची धाकली अशीच हुती," तो म्हणाला, दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःलाच. आत्यानं त्याला लगेच दटावलं, "लांबून! लांबून बघ! माज्यासारका व्हशील." तो दचकून मागं सरला आणि मग सगळेच हसले. हसलेल्या माणसाला लगेच काठी उगारता येत नाही. त्या पोरानंच दगड बाजूला केले. पुढचा तोंड फिरवून उभा राहिला, आणि किसनरावांनी बैल हाणले.

थोडं पुढं गेल्यावर मी आत्याकडं बघितलं. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मी तिचा एक हात ओढून घेतला. ती दुसरीकडंच बघत म्हणाली, "माझी दोनी अशीच आली होती. वेळंच्या आधी. थांबली न्हाईत." एवढंच. किसनरावांची पाठ आमच्याकडं होती. त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं.

सुजाता वाचली. डॉक्टरांनी तिला पुन्हा पेटीत ठेवलं, पुन्हा नळी घातली. ती घरी आली तेव्हा शेतात ज्वारी डोलत होती.

वाचली, पण वाढायला तिनं सगळ्यांना रडवलं. मान उशिरा धरली, बसली उशिरा. शेजारणींची तिच्यानंतर जन्मलेली पोरं अंगणात पळायची आणि ही भिंतीला टेकून बघत बसायची. डॉक्टरांनी मला समजावलं, "जन्मली त्या दिवसापासून नका मोजू. जन्मायला हवी होती त्या दिवसापासून मोजा. म्हणजे एवढी मागं वाटणार नाही." मला या वाक्याचा फार आधार वाटला. आत्याला त्यात वेगळाच फायदा दिसला. "म्हंजी मी बी दोन म्हयन्यांनी लहान झाले की!" ती डॉक्टरांना म्हणाली, आणि घरी येऊन सासूबाईंना बजावलं, "आता मला नाव घेऊन बोलायचं. तुझ्याहून धाकली हाय मी."

सुजाता दोन वर्षांची होऊन गेली तरी पाऊल टाकेना. पायांना तेल लावून झालं, लाकडी पांगुळगाडा आणून झाला. आत्या तिच्यासमोर गुळाचा खडा धरून बसायची. "ये, छटाक, ये. गूळ देते." पोरगी हात पसरायची, जागची हलायची नाही. थोडा वेळ वाट बघून आत्या तो खडा स्वतःच्या तोंडात टाकायची आणि मिटक्या मारायची. मला हे क्रूर वाटायचं. एके दिवशी सकाळी तिनं असाच गूळ खाल्ला आणि वर सुजाताला जीभ काढून दाखवली. सुजाता लालबुंद झाली. भिंत धरून उठली, भिंत सोडली, डुगडुगत चार पावलं चालत आली आणि आत्याच्या थोबाडीत मारली.

"मारलं! चालत येऊन मारलं!" आत्या गालावर हात ठेवून गावभर सांगत सुटली. एवढं कौतुक तिनं स्वतःच्या लग्नाचंही सांगितलं नसेल.

पुढं चष्मा लागला, जाड भिंगांचा. शाळेत माझ्याच वर्गातली पोरं तिला चिडवायची. सगळे मोठे तिला म्हणायचे, "वाढशील गं, वाढशील. आईसारखी उंच होशील." एकदा तिनं आत्याला विचारलं, "मी मोठी होईन का?" मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला वाटलं, आता आत्या काहीतरी भन्नाट सांगणार. पण तिनं सुजाताला जवळ ओढलं. "मोठी होशील," ती म्हणाली. "उंच न्हाई व्हायचीस. दोन्हीत फरक हाय." सुजातानं थोडा विचार केला आणि खेळायला निघून गेली. परत तो प्रश्न तिनं कुणाला विचारला नाही.

तरी दोघींत एक चढाओढ होतीच. अधूनमधून पाठीला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि मला निवाडा करायला लावायच्या. आत्या टाचा उचलायची, अंबाडा फुगवून बांधायची, जमीन उतरती आहे म्हणून भांडायची. सुजाता पाचवीत गेली त्या उन्हाळ्यात अंबाडा धरूनही निकाल फिरला. बोटभरच, पण फिरला. आत्या म्हणाली, मला नीट दिसत नाही. मग सासूबाईंना बोलावलं, मग यजमानांना. निकाल तोच. ती फणकाऱ्यानं आत गेली आणि दुपारी जेवली नाही. सुजाता रडकुंडीला आली. संध्याकाळी बघतो तर आत्या बाजाराहून येणाऱ्या प्रत्येकाला रस्त्यात अडवून सांगत होती, "आमच्या छटाकानं मला मागं टाकलं! न्हाई पटत? बोलवू का? उभी करून दाखवते!"

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तिला दम लागायला लागला. छाती तर मुळातच चिमणीएवढी. एका हिवाळ्यात खोकला छातीत उतरला आणि आम्ही तिला परभणीला दवाखान्यात नेलं. बायकांच्या वॉर्डात जमिनीवरसुद्धा जागा नव्हती. लहान मुलांच्या वॉर्डात एक खाट रिकामी होती. नर्सनं तिच्याकडं बघितलं, खाटेकडं बघितलं, आणि संकोचून म्हणाली, "आजी, चालेल का?"

"माप घेऊन केल्यासारखी हाय," आत्या म्हणाली.

तिथं ती रमली. ऑक्सिजनची नळी बाजूला करून ती पोरांच्या आयांशी बोलायची. शेजारच्या खाटेवर ताडकळसची एक कोवळी पोर होती, तिचं बाळ असंच वेळेआधी आलेलं. ती दिवसभर रडायची. आत्या तिला म्हणायची, "रडू नगंस. दुधात मीठ उतरंल." त्या पोरीनं खरंच घाबरून रडणं थांबवलं. मी नुसतं आत्याकडं बघितलं. ती मला डोळा मारत होती.

एका दुपारी सुजाता तिला वाटीनं पेज भरवत होती. आत्यानं दोन घोट घेतले, तिसरा तोंडातच राहिला. सुजातानं वाटी खाली ठेवली, तिचे ओठ पुसले आणि मला हाक मारली. आवाज अगदी शांत होता.

वॉर्डातल्या पोरांनी बघू नये म्हणून नर्सनं घाई केली. स्ट्रेचर यायला वेळ लागणार होता. मग यजमान पुढं झाले. त्यांनी आत्याला चादरीत गुंडाळलं आणि दोन्ही हातांवर उचललं. आयुष्यभर तिच्यापुढं वाकून उभा राहिलेला तो भाचा, त्या दिवशी ताठ चालत होता आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पुढं सुजाता, "सरका, वाट द्या, वाट द्या," म्हणत. मागं मी.

व्हरांड्यात दुपारच्या भेटीची गर्दी होती. लोक भिंतीला सरकले. पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. एका म्हातारीनं पुढं होऊन चादरीवरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. "अरारा," ती कळवळून म्हणाली, "केवढंसं लेकरू गं! अजून जग बी बघितलं नव्हतं."

यजमानांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता हे कोसळणार. मी धावत पुढं झाले, तर ते हसत होते. रडता रडता, दात आवळून, आवाज फुटू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत हसत होते. त्यांना बघून मलाही आवरेना. मी पदर तोंडात कोंबला. म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "रड, बाई, रड," म्हणाली. "आईचं काळीज हाय."

खरं काय ते आम्ही तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर आत्याला ते अजिबात खपलं नसतं.